लॉजचें दार आणि शाळेची ओळख

फ्रीमेसन हें नांव ऐकतांच सुशिक्षित माणसाच्याहि मनापुढें बंद दारें आणि गूढ खुणा उभ्या राहतात. उत्तरेकडे तर या मंडळींच्या सभागृहाला लोक ‘जादूघर’ म्हणत. वस्तुतः परस्परांना बंधु मानणाऱ्या पुरुषांचा हा एक संघ होय. पाथरवटांच्या जुन्या संघांपासून त्यानें गुण्या, कर्कटक आणि ओळंबा हीं चिन्हें घेतलीं. त्यांचा रोंख मात्र दगड घडविण्याकडे नसून माणूस घडविण्याकडे आहे. संघाच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात.

इंग्लंडांत लॉजकडे जाणारी एक वाट शाळेवरून जाते. ऑक्सफर्ड विद्यापीठाचें ‘अपोलो’ लॉज १८१९ सालीं निघालें. १८८८ सालीं वेस्टमिन्स्टर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनीं आपलें स्वतंत्र लॉज स्थापिलें आणि पुढें इतर शाळांनींहि तोच कित्ता गिरविला. यांत नवल नाहीं. लॉजमध्यें नव्या माणसाची हमी जुन्या सभासदांनीं द्यावयाची असते. आणि एका बाकावर वाढलेल्यांना परस्परांचा स्वभाव जितका ठाऊक, तितका तो दुसऱ्या कोणास असणार? परंतु या सोयींतच धोकाहि आहे. ज्यांची शाळा एक, रंग एक, त्यांचेंच बंधुत्व खरें मानावयाचें काय?

हा प्रश्न मुंबईंत प्रत्यक्ष उभा राहिला. माणकजी करसेटजी या विद्वान पारशी गृहस्थांना येथील युरोपियन सभासदांनीं लॉजमध्यें घेतलें नाहीं. पॅरिसच्या लॉजनें त्यांना दीक्षा दिली. तरी परत आल्यावर मुंबईचें दार बंदच. अखेर पश्चिम हिंदुस्थानांतील स्कॉटिश लॉजांचे प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनीं १८४३ च्या डिसेंबरांत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हें लॉज मुद्दाम एतद्देशीयांसाठीं स्थापिलें. माणकजी त्याचे चिटणीस झाले. हिंदूंना याहूनहि थांबावें लागलें. त्यांची एका ईश्वरावर श्रद्धा नाहीं, असा आक्षेप होता; तो बाजूस सारून १८७२ सालीं कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळाला.

माणकजींचें दुसरें कार्य शाळेचेंच. मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावें म्हणून १८६३ सालीं त्यांनीं मुंबईंत अलेक्झांड्रा संस्था काढली. लॉजनें स्त्रियांना आंत घेतलें नाहीं. परंतु बंद दाराचा अनुभव घेतलेल्या या सभासदानें शाळेचें दार तरी त्यांना उघडून दिलें.

१९६१ सालीं भारताचें स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झालें. आज बारामती किंवा इंदापूरकडील एखाद्या पदवीधरास संघांत जावेंसें वाटलें, तर पुण्यास लॉजें आहेत. इच्छा मात्र त्यानें स्वतः व्यक्त करावयाची असते. वय एकवीस पूर्ण, ईश्वरावर श्रद्धा आणि निष्कलंक नांव, या मुख्य अटी. दोन सभासदांनीं शिफारस केल्यावर गुप्त मतदान होतें. पांढरी गोळी होकाराची, काळी नकाराची. शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर घेतली जाते. म्हणूनच येथील लॉजमध्यें गीता, कुराण, बायबल आणि अवेस्ता शेजारीं शेजारीं दिसतात. पुढें शिकाऊ, सहकारी आणि उस्ताद अशा तीन पायऱ्या असतात. सभेंत धर्म व राजकारण यांवर वाद करण्यास मनाई आहे.

प्रवेशापूर्वीं उमेदवारास आणखी एक गोष्ट सांगावी लागते: आपण कोणत्याहि लाभाच्या आशेनें येत नाहीं. नोकरी किंवा कंत्राट मिळेल, या हिशेबानें जाणाऱ्यानें येथेंच थांबावें हें बरें. शिवाय प्रवेश-शुल्क आणि वार्षिक वर्गणी यांचा खर्च घरांतील माणसांना विचारूनच पत्करावा. शाळासोबत्याची ओळख दारापर्यंत नेते. आंत टिकून राहणें हें ज्याच्या त्याच्या वागणुकीवर अवलंबून असतें. आणि त्या वागणुकीची कसोटी ओळखीच्या माणसाशीं नव्हे, अनोळखी माणसाशीं लागते.