लेकराची सायकल : वय नको, पाय मोजा

रमजान अर्धा सरला की आपल्या मोहल्ल्यांतल्या दोन दुकानांसमोर मुले रेंगाळू लागतात. एक शिंप्याचे, दुसरे सायकलवाल्याचे. शिंपी निदान माप तरी घेतो. सायकलवाला बहुधा एवढेच विचारतो, "मुलगा किती वर्षांचा?" आणि उत्तर ऐकून वर टांगलेली एक सायकल काठीने खाली काढतो. त्यात अब्बा किंवा मामू म्हणतात, "जरा मोठीच द्या, तीन-चार वर्षे चालायला पाहिजे." झाले! ईदच्या दिवशी नव्या कपड्यांत ते लेकरू सीटवर बसवले जाते, पाय अधांतरी लोंबतात, एक जण मागून कॅरियर धरतो आणि घरचे सगळे माशाअल्लाह म्हणत फोटो काढतात.

मोठा कुर्ता शिवला तर बाह्या दुमडता येतात, पायजम्याला आतून टीप घालता येते. सायकलीला दुमड घालता येत नाही. ज्या सायकलवर बसून पाय टेकत नाहीत तिच्यावर मूल अंग आखडून बसते. बोटे ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून ते पाय टेकून थांबायला जाते. पायही पोहोचत नाहीत, म्हणून आडवे होते. असे दोन-तीनदा झाले की सायकल जिन्याखाली जाते आणि घरात ठरून जाते की ह्याला सायकलीचा शौकच नाही. शौक असतो हो. माप चुकलेले असते.

घरातली वडीलधारी मंडळी यावर हसतात. "आम्ही नाही का शिकलो मोठ्या काळ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत?" खरे आहे, पण ती मंडळी तेव्हा आठ-दहा वर्षांची होती, चार वर्षांची नव्हती, आणि मोकळ्या मैदानात शिकत होती. आज गल्लीत दोन्ही बाजूंना मोटरसायकली लावलेल्या असतात आणि मधून रिक्षा जाते. शिवाय त्यांच्या बोलण्यातली "बावीस इंची" आणि आजच्या दुकानातली "वीस इंची" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या काळ्या सायकलीचे बावीस किंवा चोवीस हे माप सांगाड्याच्या उंचीचे असायचे, चाके अठ्ठावीस इंचीच. मुलांच्या सायकलीला आज 12, 14, 16, 20, 24 असे जे म्हणतात ते चाकाचे माप आहे. टायरच्या कडेवर 16 × 2.40 असे काहीतरी उठवलेले असते, त्यातला पहिला आकडा तोच.

आणि हा चाकाचा आकडा मुलाच्या पायांबद्दल फारसे काही सांगत नाही. दोन कंपन्यांच्या 16 इंची सायकली शेजारी उभ्या करून पाहा. एकीची सीट दुसरीपेक्षा तीन-चार बोटे उंच निघते. चार बोटांचे अंतर आपल्यासाठी काहीच नाही. पाच वर्षांच्या मुलासाठी पाय टेकणे आणि न टेकणे यातला तो फरक असतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच माप घ्यावे. मुलाला सायकल चालवताना घालणार तेच बूट किंवा चप्पल घालून भिंतीला पाठ लावून उभे करा, पाय थोडे फाकलेले. एक पाटी किंवा लाकडी फळी दोन्ही पायांच्या मधून वर सरकवा, अंगाला हलकी टेकेपर्यंत, आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करा. (पुष्कळ ठिकाणी यासाठी जाड पुस्तक घ्यायला सांगतात. आमच्या मते फळीच घ्यावी, किताब अशा जागी धरणे बरे दिसत नाही.) जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे सेंटिमीटर कागदावर लिहून खिशात ठेवा. टेपही बरोबर न्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

आता दुकानात सीट पूर्ण खाली करायला सांगा आणि जमिनीपासून सीटच्या वरच्या टोकापर्यंत मोजा. मूल अजून शिकायचे असेल, तर ही उंची पायांच्या मापाएवढी किंवा एखाददोन सेंटिमीटर कमी हवी, म्हणजे बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. चालवता येत असेल, तर सीट मापापेक्षा चार-पाच सेंटिमीटर वर चालते. दोन्ही पायांच्या बोटांकडचा भाग टेकला म्हणजे पुरे. पुढे उभे राहून सायकल दोन पायांमध्ये धरली, तर दांडी आणि अंग यांच्यात दोन बोटे तरी जागा हवी. हँडल धरल्यावर कोपर थोडे वाकलेले असावे, आणि पायडल मारताना गुडघा हँडलला लागू नये. गुडघा लागत असेल तर ती सायकल लहान झाली.

जास्त दिवस टिकायला हवी, हा अब्बांचा मुद्दा रास्तच आहे. एका वर्षात ती बाजूला पडावी असे कुणाला वाटेल? पण त्याचा इलाज मोठे चाक नव्हे. सीट किती वर-खाली होते ते पाहावे. समजा मुलाच्या पायांचे माप 46 सेंटिमीटर आहे. सीट 45 पासून 56 पर्यंत जाणारी सायकल घेतली, तर आज तो तळवे टेकून शिकेल आणि या वयात पाय वर्षाला साधारण तीनेक सेंटिमीटर वाढतात हे धरले, तर दीड-दोन वर्षे सहज निघतील. हँडलही वर होणारे असेल तर उत्तम. सुरुवातच 52 ला होणारी सायकल मात्र पहिले पूर्ण वर्ष वाया घालवते, आणि शिकण्याचे खरे वर्ष तेच.

नुसता अंदाज हवा असेल तर असा धरावा. पायांचे माप 35 ते 42 असेल तर 12 इंची, 40 ते 48 ला 14, 45 ते 55 ला 16, 55 ते 65 ला 20, त्याच्या वर 24 इंची. आकडे एकमेकांत सरकलेले आहेत, कारण मुलेही तशीच असतात. सीमेवरचे मूल शिकाऊ आणि भित्रे असेल तर लहान चाक घ्या. चालवता येत असेल तर मोठे.

आपल्याकडे सायकल मिळण्याचे प्रसंगही ठरलेले आहेत. बिस्मिल्लाची रस्म जुन्या रिवाजाप्रमाणे चार वर्षे, चार महिने, चार दिवसांची मुले करतात. त्या वयाला बहुतेकांना 14 इंची बसते, उंच मुलाला 16. नानांकडून मात्र हमखास 20 इंची येते! नानांचा हात मोठा असतो त्याला काय करणार. आधीच फोन करून पायांचे माप कळवावे. पहिला रोजा किंवा नाजरा कुरआन पूर्ण झाल्याचे बक्षीस साधारण सात ते नऊ वर्षांच्या मुलांना मिळते, तेव्हा 20 इंचीची वेळ आलेली असते. तिसरा प्रसंग खतन्याचा. त्या वेळी मुलाला खूश करायला सायकल आणण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. आणा, पण जखम पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिच्यावर बसवू नका. समोर उभी सायकल आणि बसायची बंदी, हा त्या लेकरावर जुलूमच आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आणली तर काय बिघडते?

मापाइतकीच दुसरी गोष्ट वजन. पाच वर्षांचे मूल सतरा-अठरा किलोचे असते. त्याच्यासाठी घेतलेली लोखंडी सायकल, रुंद टायर, खोटा गियर, टोपली, मागची सीट असे सगळे धरून दहा किलोच्या पुढे सहज जाते. आपण आपल्या निम्म्याहून जास्त वजनाची सायकल वळवून पाहावी, म्हणजे कळेल. म्हणून शोभेच्या वस्तू वगळून घ्या. दुकानात मुलालाच ती जमिनीवरून उचलून उभी करायला सांगा. आणि दोन्ही ब्रेक त्याच्याच बोटांनी दाबून पाहा, आपल्या नाही. ब्रेकचा खटका कडक असेल तर दुकानदार तार सैल करून देतो. कोकणातल्या घरांनी, जिथे अंगणातून रस्त्यापर्यंत उतारच उतार असतो, ही परीक्षा सोडूच नये. "ट्यूबलेस" म्हणून जी विकतात त्यांत पुष्कळदा भरीव टायर असते. ते पंक्चर होत नाही हे खरे, पण हादरे जास्त देते आणि ओल्या फरशीवर घसरते.

बाजूच्या छोट्या चाकांबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. त्यांवर मूल पायडल मारायला शिकते, तोल सांभाळायला नाही. उलट वळताना चुकीच्या बाजूला झुकायची सवय लागते. ज्या दिवशी ती काढतात त्या दिवशी सगळे पहिल्यापासून. यापेक्षा पहिले काही आठवडे पायडलच काढून ठेवावेत. सीट खाली, तळवे जमिनीवर, आणि मूल पायांनी ढकलत अंगणात फिरते. हळूहळू पाय उचलून दहा-पंधरा फूट तरंगत जायला लागले की पायडल बसवा. त्यानंतर सायकल यायला फार वेळ लागत नाही. यात नवे काहीच नाही. 1817 मध्ये जर्मनीत कार्ल द्राइस यांनी जी पहिली दुचाकी बनवली तिला पायडल नव्हतेच, तेव्हाचे थोर लोकही असेच पाय मारत गेले. पायडल काढताना एवढे लक्षात ठेवा की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जोर लावून आटे खराब केले, तर भुर्दंड पडतो.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत "मुलासाठी कोणती सायकल" असेच असते. मुलीसाठी विचारणारे थोडे, आणि विचारले तरी, "भावाचीच चालवेल ती अधूनमधून." नुअमान बिन बशीर (रजि.) लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना एकट्याला काही देऊ केले आणि पैगंबर (स.) यांना साक्षी राहायला सांगितले, तेव्हा आपण सर्व मुलांना असेच दिलेस का, असे विचारून त्यांनी साक्षी राहायला नकार दिला, ही हदीस आपण मुलांच्या हक्कांवरच्या प्रत्येक बयानात ऐकतो. ती सायकलीलाही लागू आहे, असे आम्हाला वाटते. सहा वर्षांच्या हलिमाचे पाय नऊ वर्षांच्या भाईजानच्या सायकलीवर टेकणार कसे? तिने वाट बघायची ती तो कंटाळेपर्यंत. मग तिला मिळते तेव्हा ती बारा वर्षांची असते आणि घरात दुसरीच चर्चा सुरू झालेली असते. लवकर शिकलेली मुलगी पुढे शाळेत, कॉलेजात स्वतःच्या पायांनी जाते, रिक्षाचे पैसे वाचतात ते वेगळेच. मुलींची म्हणून विकतात ती खाली वाकलेल्या दांडीची सायकल चांगलीच असते, सलवार-कुर्त्यावर चढायला सोयीची. खरे तर शुक्रवारी कुर्ता-पायजम्यात फिरणाऱ्या मुलालाही ती बरी.

कपड्यांचा प्रश्न चेनचा आहे. अर्धे चेनकव्हर पायजमा, सलवार, ओढणी सगळे गिळते. चेन पूर्ण झाकणारे कव्हर मागा. ओढणी पाठीमागे गाठ मारून बांधावी, मागे लोंबू देऊ नये. हेल्मेट घालायचे तर खाली पातळ सुती रुमाल चालतो, जाड थर किंवा डोक्यावरच्या टाचण्या नकोत. टोपी खिशात ठेवावी, नाहीतर हेल्मेट वर उचललेले राहते आणि उपयोगी पडत नाही.

नवीच हवी असे नाही. मुलांची सायकल झिजण्याआधी लहान पडते, म्हणून खालाच्या, फुफीच्या घरातून आलेली जुनी सायकल बहुतेक वेळा चांगली निघते आणि व्याजाच्या हप्त्यांत पडण्याची गरज उरत नाही. जोडांवर तडा आहे का, चाक फिरवल्यावर डुलते का, ब्रेकचे रबर उरले आहे का, एवढे पाहावे. खोक्यातून येणारी नवी सायकल घरी जोडणार असाल तर पुढचा चिमटा उलटा बसत नाही ना ते तपासा. पुढचा ब्रेक चिमट्याच्या समोर दिसला पाहिजे. शंका वाटली तर गल्लीतल्या मिस्त्रीकडे न्या, तो थोड्या पैशांत ब्रेक आणि चेनही लावून देतो.

सीटच्या पाइपवर आडवी रेघ असते. सीट वर करताना ती रेघ नेहमी आत राहिली पाहिजे, नाहीतर पाइप निसटतो किंवा मोडतो. भिंतीवरची पेन्सिलची खूण पुसू नका. पुढच्या ईदला तिच्या शेजारी दुसरी करा. सीट त्या रेघेपर्यंत आली आणि गुडघे तरीही वर येऊ लागले, की सायकल धुऊन, चेनला तेल घालून शेजारच्या लहानग्याकडे द्यायला हरकत नाही. त्याच्या पायांचे माप मात्र आधी घ्या.