नगर प्रशासनातील प्रशिक्षण : प्रचलित गैरसमज आणि वस्तुस्थिती

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांना राज्यघटनेत स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत नगररचनेपासून अग्निशमनापर्यंत अठरा विषय नोंदवून ते या संस्थांकडे सोपवण्याचा मार्ग मोकळा केला. मात्र ही कामे ज्यांच्या हातून व्हायची, त्या अधिकाऱ्यांना व कर्मचाऱ्यांना ती शिकवायची कोणी, याचे उत्तर घटनेत नाही. ती जबाबदारी राज्य शासन, केंद्रीय मंत्रालय, स्वायत्त प्रशिक्षण संस्था आणि स्वतः नगरपालिका यांच्यात वाटली गेली आहे. वाटल्या गेलेल्या जबाबदारीभोवती ऐकीव समजुती लवकर जमतात, आणि महाराष्ट्रासारख्या २९ महानगरपालिका व चारशेच्या घरात नगरपरिषदा-नगरपंचायती असलेल्या राज्यात या समजुतींचे परिणाम पाण्याच्या टाकीपासून करवसुलीच्या खिडकीपर्यंत सर्वत्र दिसतात.

सर्वांत रुळलेली समजूत अशी की प्रशिक्षण म्हणजे पुण्याची ‘यशदा’, आणि तेथे जायचे ते मोठ्या अधिकाऱ्यांनी. यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी ही राज्याची शिखर प्रशिक्षण संस्था आहे, यात शंका नाही; १९६३ मध्ये मुंबईत सुरू झालेले प्रशासकीय प्रशिक्षण महाविद्यालय १९८४ मध्ये पुण्यास हलले आणि १९९० पासून ते यशदा या नावाने ओळखले जाऊ लागले. लोकसेवा आयोगामार्फत निवडल्या गेलेल्या मुख्याधिकाऱ्यांचे, म्हणजे नगरपरिषदेच्या प्रशासकीय प्रमुखांचे, परिविक्षाधीन काळातील प्रशिक्षण तेथूनच चालते. परंतु नगरपालिकांच्या सेवकवर्गाला शिकवण्याची परंपरा यशदापेक्षा बरीच जुनी आहे. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ही १९२६ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि स्थानिक स्वराज्य पदविका व स्वच्छता निरीक्षक पदविका हे तिचे अभ्यासक्रम पिढ्यान्‌पिढ्या नगरपालिकांतील लिपिक व निरीक्षक पूर्ण करत आले आहेत. याच संस्थेत १९६८ पासून केंद्र शासनाच्या साहाय्याने प्रादेशिक नागरी व पर्यावरण अभ्यास केंद्र चालते. पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची नाशिक येथील ‘मित्रा’ ही प्रबोधिनी आहे. अग्निशमनाचे राष्ट्रीय महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू होऊन पुढच्याच वर्षी नागपूरला आले, आणि देशभरातील नगरपालिकांचे अग्निशमन अधिकारी तेथे तयार होतात. एक महानगरपालिका व तेरा नगरपालिका असलेल्या गोव्यात हे काम जुने गोवे येथील लोकप्रशासन व ग्रामीण विकास संस्थेकडे आहे. म्हणजे संधी एका दारापाशी अडलेली नाही; दारे अनेक आहेत, मात्र त्यांतले आपल्या कामाचे कोणते, हे लहान गावच्या कर्मचाऱ्याला सांगणारा माणूस बहुधा नसतो.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. सेवेत रुजू होताना एकदा प्रशिक्षण झाले, विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाली, की पुढे अनुभवच गुरू, असे अनेक वरिष्ठही मानतात. अनुभवाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण अनुभव कालच्या नियमांचा असतो, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत नगर प्रशासनाचे नियम मुळापासून बदलले आहेत. घनकचऱ्याचे २००० चे नियम जाऊन २०१६ चे आले आणि कचरा निर्माण होतो तेथेच त्याचे वर्गीकरण करण्याचे बंधन आले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि प्रत्येक शहराची बांधकामाची वेगळी नियमावली इतिहासजमा झाली. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने जन्म-मृत्यूच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली. त्या मुदतीत वाजवी कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे त्या सेवेसाठी नावानिशी जबाबदार धरलेल्या अधिकाऱ्याला, पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. वीस वर्षांपूर्वी शिकलेला कर्मचारी आज नियम चुकतो तेव्हा त्याची निष्ठा कमी पडलेली असतेच असे नाही. पुष्कळदा बदललेला नियम त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवलेलाच नसतो.

हिशेबाचे उदाहरण येथे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. नगरपालिकांत पूर्वापार रोख तत्त्वावरील एकनोंदी पद्धत होती. रक्कम तिजोरीत आली की जमा आणि बाहेर गेली की खर्च, एवढीच नोंद होई. २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेने उपार्जन तत्त्वावरील द्विनोंदी पद्धत पुढे आणली. या पद्धतीत घरपट्टीचे देयक निघाले की ती रक्कम हाती येण्याची वाट न पाहता उत्पन्न म्हणून नोंदली जाते, थकबाकी येणे म्हणून ताळेबंदात उभी राहते, आणि पंप, टाकी, इमारत यांची दरवर्षी झिजणारी किंमत घसारा म्हणून खर्चात धरली जाते. हा बदल नोंदवहीपुरता नाही, कारण त्यामुळे नगरपालिकेची मालमत्ता किती, देणी किती आणि जलवाहिनी बदलण्याची वेळ येईल तेव्हा तिची ऐपत काय असेल, हे प्रथमच कागदावर दिसू लागते. परंतु आयुष्यभर रोखवही लिहिलेल्या लेखापालाला दोन-तीन दिवसांच्या वर्गात हे उमगत नाही. त्याच्या स्वतःच्या टेबलावर, त्याच्याच नगरपालिकेचे आकडे घेऊन, एक आर्थिक वर्ष पूर्ण होईपर्यंत कोणी तरी सोबत राहावे लागते. तसे न झाल्यास लेखे बाहेरच्या सनदी लेखापालाकडून तयार करून घेतले जातात आणि ज्या माणसाने ते वाचून मुख्याधिकाऱ्याला सावध करायचे, त्याला ते परके राहतात. प्रशिक्षणाचा कालावधी ठरवताना विषय किती अवघड आहे याऐवजी सभागृह किती दिवस मोकळे आहे हे पाहिले जाते, तेव्हा असेच घडते.

सफाई कामगाराला काय शिकवायचे, हा प्रश्न अजूनही विचारला जातो, आणि सर्व गैरसमजांमध्ये हा एकच असा आहे की त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली गेली आहे. गटारात वा मलटाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या वायूला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून वास आला तर धोका ओळखता येईल, असे साध्या व्यवहारज्ञानाला वाटते. प्रत्यक्षात वायूचे प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास थांबल्यासारखा भासतो, तोच क्षण सर्वांत घातक असतो. तळाशी प्राणवायू पुरेसा नसल्याने उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढण्यासाठी दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा असे सहकारी एकामागून एक आत जातात. हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाने गटार व मलटाकी यांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास मनाई केली, आणि ही मनाई स्थानिक प्राधिकरणाला नाव घेऊन लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. याच वर्षी सुरू झालेल्या ‘नमस्ते’ या केंद्रीय योजनेत गटार व मलटाकी कामगारांची नोंदणी, सुरक्षा साधने आणि प्रशिक्षण यांचा समावेश आहे.

येथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. कामगाराला शिकवले म्हणजे त्याला आत उतरवण्याची मुभा मिळाली, असा अर्थ कोणी काढू नये. प्रशिक्षण यंत्राची जागा घेत नाही आणि कायद्याने टाकलेली जबाबदारी कामगाराच्या खांद्यावर सरकवत नाही. म्हणून या विषयात सर्वांत आधी शिकवायला हवे ते आदेश देणाऱ्याला : मुकादमाला, स्वच्छता निरीक्षकाला, आरोग्य विभागप्रमुखाला आणि कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाला. शेवटचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण सफाईचे पुष्कळसे काम आज कंत्राटी पद्धतीने चालते आणि प्रशिक्षणासाठी नावे मागवली जातात ती आस्थापना सूचीवरून, म्हणजे नगरपालिकेच्या स्वतःच्या पगारपत्रकावरील माणसांच्या यादीवरून. ज्याचे नाव त्या यादीत नाही त्याला नामनिर्देशन नाही, आणि सर्वांत धोक्याचे काम नेमके त्याच्याच वाट्याला येते. निविदेच्या अटींतच कामगारांच्या प्रशिक्षणाचा खर्च व त्याचा पुरावा मागणे हा यावरचा उपाय नगरपालिकेच्या अधिकारातला आहे आणि तो योजण्यास वरच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

प्रशिक्षणाला गेलेला कर्मचारी रजेवर असल्यासारखाच, ही समजूत नियमाला धरून नाही. राज्याच्या सेवाशर्तींच्या नियमांत सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने घेतलेले प्रशिक्षण कर्तव्यकाळ समजले जाते. पैसा नाही, हे कारणही तपासून घ्यावे लागते. केंद्राच्या २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने प्रत्येक मंत्रालयाने वेतनावरील तरतुदीच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवावी असे सांगितले, महाराष्ट्राने २०११ मध्येच स्वतःचे राज्य प्रशिक्षण धोरण स्वीकारले होते, आणि अमृत अभियानासारख्या केंद्रीय योजनांत क्षमताबांधणीचा स्वतंत्र घटक असतो. क्षमताबांधणी या शब्दात व्यक्तीच्या प्रशिक्षणाबरोबर कार्यपद्धती, साधने व मनुष्यबळाची रचना सुधारणेही येते. खरी अडचण पैशांपेक्षा रिकाम्या खुर्चीची आहे. चाळीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेत पाणी, रस्ते आणि बांधकाम परवानगी हे सारे एकाच अभियंत्याकडे असू शकते. तो पाच दिवस बाहेर गेला तर फुटलेली जलवाहिनी कोणी जोडायची, हा मुख्याधिकाऱ्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून प्रशिक्षण टाळणे योग्य नव्हे. शेजारच्या नगरपरिषदेच्या अभियंत्याकडे तात्पुरता कार्यभार देण्याची व्यवस्था आधीच ठरवणे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी छोटे वर्ग घेणे ही उत्तरे अधिक व्यवहार्य आहेत.

संधीची आणि बदलांची बातमी कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते कशी, हा भाग क्वचितच चर्चिला जातो. समाजमाध्यमांच्या गटांत फिरणारा कागद म्हणजे आदेश, असा समज आता सर्रास आढळतो. महाराष्ट्र शासनाचा शासन निर्णय, म्हणजे विभागाने धोरण वा मंजुरी जाहीर करणारा अधिकृत आदेश, शासनाच्या संकेतस्थळावर ठेवला जातो आणि त्याच्या शेवटच्या परिच्छेदात त्याचा संकेतांक छापलेला असतो. या संकेतांकाचे पहिले आठ अंक वर्ष, महिना व दिनांक दर्शवतात. हा अंक संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत मिळते की नाही, हे पाहण्यास काही क्षण पुरतात. परिपत्रकाचे काम असलेल्या धोरणाची कार्यवाही समजावणे एवढेच असते, तर कायद्याखालील नियम अधिसूचनेद्वारे राजपत्रात प्रसिद्ध व्हावे लागतात. हा फरक माहीत असलेला लिपिक अफवेवरून अर्ज नाकारत नाही. प्रशिक्षणाच्या सूचनांची वाट मात्र याच्या उलट आहे. त्या अधिकृत असतात, परंतु मुख्याधिकाऱ्याच्या नावे आलेले पत्र आवक नोंदवहीतून टपालात, टपालातून आस्थापना शाखेत जाईपर्यंत नामनिर्देशनाची मुदत उलटते. प्रशिक्षण संस्थांची वार्षिक दिनदर्शिका वर्षारंभी कार्यालयातील सूचना फलकावर लावली आणि कोणत्या वर्गाला कोण जाणार हे तेव्हाच ठरवले, तर यातला बराच विलंब टळतो.

संगणकीय शिक्षणाविषयी दोन टोकांच्या समजुती आहेत. एकीकडे ते केवळ औपचारिकता मानले जाते, दुसरीकडे त्याने वर्गाची गरजच संपली असे सांगितले जाते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’स मंजुरी दिली, २०२१ मध्ये क्षमताबांधणी आयोग स्थापन झाला, आणि ‘आयगॉट कर्मयोगी’ या मंचावर शासकीय कर्मचाऱ्याला स्वतःच्या सवडीने अभ्यासक्रम पूर्ण करता येतात. कायद्यातील तरतुदी, माहिती अधिकाराच्या अर्जाची हाताळणी, खरेदीची कार्यपद्धती असे विषय अशा रीतीने चांगले शिकता येतात आणि दूरच्या तालुक्यातील कर्मचाऱ्याला प्रवासाविना ते मिळतात, ही मोठी सोय आहे. पण जलशुद्धीकरण केंद्रावर क्लोरिनची मात्रा ठरवणे, गळती शोधणे, धुराने भरलेल्या जिन्यात श्वसनयंत्र लावून चढणे या गोष्टी पडद्यावर पाहून अंगवळणी पडत नाहीत. प्रमाणपत्रांबाबतही असाच विवेक हवा : सेवाप्रवेश नियमांत नमूद असलेली पदविका नेमणुकीसाठी वा पदोन्नतीसाठी अर्हता ठरते, मात्र अल्प मुदतीच्या वर्गाचे प्रमाणपत्र आपोआप तसा हक्क देत नाही.

लोकप्रतिनिधींना हे लागू नाही, असे मानणेही चूक आहे. नगरसेवकाने अंदाजपत्रकावर मत द्यायचे असते, निविदा मंजूर करायची असते आणि विकास आराखड्यावरील हरकतींच्या पुढील निर्णयात भाग घ्यायचा असतो. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असून प्रत्येक निवडणुकीत सभागृहात प्रथमच येणाऱ्यांची संख्या मोठी असते. या सदस्यांना ताळेबंद वाचता आला, तर अंदाजपत्रकातील प्रशिक्षणाच्या लेखाशीर्षाखाली गेल्या वर्षी किती रक्कम ठेवली, त्यातील किती खर्ची पडली आणि त्यातून सफाई, पाणीपुरवठा व अग्निशमन या विभागांतील कनिष्ठ कर्मचाऱ्यांपैकी कोण कोण शिकून आले, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारला जाऊ शकेल, आणि त्याचे उत्तर प्रशासनाला इतिवृत्तात नोंदवावे लागेल.