नुसतं उभं राहायला काय लागतं?

"नेमबाजीला कसला आलाय फिटनेस? नुसतं उभं तर राहायचं!" हे वाक्य मेसमध्ये मी कितीदा ऐकलंय. खरं सांगू? आधी मीही हेच म्हणायचे. एन.सी.सी.त पॉइंट टू-टू रायफल पोटावर झोपून चालवली, ग्रुपिंग छान आलं, म्हणून मोठ्या ऐटीत एअर रायफलच्या ट्रायलला नाव दिलं. इथे मात्र उभ्यानेच नेम धरायचा. पहिले वीस शॉट झकास! चाळिसाव्यापर्यंत कंबर भरून आली आणि शेवटच्या वीसमध्ये टीममधली जागा गेली. असोद्याला घरी गेले तर आई म्हणाली, "उभ्या उभ्या दमलीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख.

आपण पडलो इंजिनिअरिंगवाले, तेव्हा आधी थोडं गणित. एअर रायफलचं टार्गेट 10 मीटरवर असतं आणि 'दहा'चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. एकेक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर सरकतं. दोन साइट्समध्ये 75 सेंटीमीटर अंतर धरलं, तर पुढची साइट पाव मिलिमीटरपेक्षाही कमी हलली की एक गुण गेला! शिवाय जवळपास 5 किलोची रायफल 60 वेळा उचलायची, म्हणजे एका मॅचला 300 किलो. स्थिर राहणं हेच काम आहे, आणि ते हात नाही तर पाय, पोट आणि पाठ करतात.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे आठवा. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने, असा क्रम असतो. पहिल्या दोन्हींनंतर तो पाचवा होता. उभ्याने मारताना तिसरा झाला. सगळ्यात अवघड पोझिशन सगळ्यात शेवटी, शरीर थकल्यावर!

मग करायचं काय? मी करते ते सांगते.

पाठ आणि पोट : रोज प्लँक, भुजंगासन, सेतुबंधासन. रायफल धरताना कंबर एकाच बाजूला वाकते, म्हणून प्रॅक्टिसनंतर विरुद्ध बाजूला ताण द्यायचाच. दुखणं टिकलं तर डॉक्टरांकडे जा. पेनकिलर खाऊन रेंजवर उभं राहू नका.

पाय : बैठका, आणि एका पायावर डोळे मिटून अर्धा मिनिट उभं राहणं. करून बघा, हसू येईल.

हृदय : प्रत्येक ठोक्याबरोबर नळी हलते. धडधड कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधांवर या खेळात बंदी आहे, म्हणजे प्रामाणिक उपाय एकच : पळणं, सायकल किंवा पोहणं. आठवड्यातून तीन-चारदा अर्धा तास, आणि तेही बोलता येईल इतक्याच वेगाने. जळगावचा उन्हाळा पाहता पहाटेच.

श्वास : अर्धा श्वास सोडून थांबा आणि आठ-दहा सेकंदांत शॉट सोडा. जास्त रोखला तर डोळ्यांपुढे धूसर होतं. जमलं नाही तर रायफल खाली घ्या, यात कमीपणा नाही.

खाणं-झोप : मॅचच्या आदल्या रात्री आमच्या असोद्याचं भरीत समोर आलं तरी हात आवरता घ्या! सकाळी उपाशी जाऊ नका. दोन केळी आणि पाणी उत्तम. सवय नसताना कडक कॉफी घेतली तर हात थरथरतो. सबमिशनची जागरणं मात्र कुणाला चुकलीत?

आणि हो, आदल्या दिवशी जिममध्ये डंबेल्स मारून दंड फुगवू नका. दुखरा हात स्थिर राहत नाही.

तीन महिने झाले, साठावा शॉट आता पहिल्यासारखा जातो असं नाही, पण कंबर तरी साथ देते. पुढची ट्रायल येतेच आहे. टीममध्ये आले तर पार्टी माझ्याकडून, भरिताचीच. पण मॅच झाल्यावर!