ब्लॅकरॉकने ‘घेतलं’ म्हणजे नेमकं कोणी घेतलं?

‘ब्लॅकरॉकने बिटकॉइन घेतलंय, आता भाव खाली येत नसतो.’ टपरीवर आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे हमखास ऐकू येतं. गडबड त्यातल्या ‘घेतलंय’पासूनच सुरू होते.

11 जानेवारी 2024 रोजी अमेरिकेत प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणाऱ्या ईटीएफचे, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांचे, व्यवहार सुरू झाले. त्यातल्या ब्लॅकरॉक या गुंतवणूक कंपनीच्या फंडातली नाणी गुंतवणूकदारांच्या पैशांची आहेत. लोकांनी पैसे घातले की फंड बिटकॉइन घेतो, काढले की विकतो. कंपनीला मिळते वर्षाला पाव टक्का फी. अडत्याच्या गाळ्यावर कांद्याच्या गोण्या दिसल्या, म्हणून कांदा काही अडत्याचा होत नाही!

‘मग सरकारनेच मान्यता दिली ना?’ परवानगी देताना तिथल्या बाजार नियामकाचे तेव्हाचे अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी, ही बिटकॉइनची शिफारस नव्हे, असं बजावलं होतं. त्यानंतर दोनच आठवड्यांत भाव सुमारे 46 हजार डॉलरवरून 40 हजारांखाली आला. त्याच वर्षी डिसेंबरात तो एक लाखापलीकडे गेला, हेही खरं.

मोठे एकदा शिरले की विकत नाहीत, हा आणखी एक समज. टेस्लाने 2021च्या सुरुवातीला दीड अब्ज डॉलरचं बिटकॉइन घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश विकून टाकलं.

आणि मोठे सगळं पारखून घेतात म्हणावं, तर कॅनडातल्या ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये साडेनऊ कोटी डॉलर घातले होते. नोव्हेंबर 2022 मध्ये एक्स्चेंज बुडालं, रक्कम शून्य धरावी लागली. पण ती फंडाच्या मालमत्तेच्या 0.05 टक्क्यांहूनही कमी होती, त्यामुळे पेन्शनला धक्का लागला नाही. मोठ्यांचं अनुकरण करणारे हा आकडा मात्र उचलत नाहीत.

राहिला पुरवठ्याचा मुद्दा. बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांपलीकडे निघणार नाहीत, म्हणून भाव चढतच राहणार, असं म्हणतात. ही मर्यादा पहिल्या दिवसापासून आहे. ती असतानाच नोव्हेंबर 2021 मधला 69 हजारांचा भाव वर्षभरात 16 हजारांवर आला. पुरवठा बांधलेला असला, तरी मागणी मोकळीच असते.

आपल्याकडे हिशेब आणखी वेगळा. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एकात 50 हजार मिळाले, दुसऱ्यात 50 हजार गेले. हाती काहीच उरलं नाही, तरी 15 हजार कर भरायचा. सेस वेगळा.