व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर : ध्वनिवर्धकांची निगा

सुरतेच्या लिंबायत-उधना भागांत खानदेशी कुटुंबांची वस्ती मोठी. गणेशोत्सव आला की तेथे मंडप उभे राहतात आणि कर्णे गाजू लागतात. आमच्या शाळेच्या उत्सवात मात्र एका वर्षी आरती ऐन रंगात असता कर्णा एकाएकी मुका झाला. पावसात कर्ण्याच्या तारा एकमेकींस चिकटल्या आणि ट्रान्झिस्टरच्या यंत्राचे अंतिम ट्रान्झिस्टर जळाले. तारा सोडवून कपाटातील जुने व्हॉल्व्हचे यंत्र जोडले, तेव्हा कोठे आरती पुरी झाली. "सर, मग जुनेच यंत्र चांगले ना?" असे मुलांनी विचारले.

तसे म्हणता येणार नाही. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काचनळी. तिच्यातील तंतू तापला की ऋणाग्रावरील लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात. हा लेप झिजत जातो; म्हणून कर्ण्याला शक्ती पुरविणारे व्हॉल्व्ह काही हजार तासांनी बदलावेच लागतात. ते खोबणीत बसविलेले असल्याने बदलणे सोपे, आणि आवाज क्षीण करून ते बहुधा आगाऊ सूचनाही देतात. अडचण आहे ती नवे मिळण्याची. आज ते मुख्यतः रशिया, चीन व स्लोव्हाकिया येथेच तयार होतात.

१९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या ट्रान्झिस्टरला तंतूच नाही, म्हणून तो असा झिजत नाही. जपल्यास दशकानुदशके टिकतो. उष्णता मात्र त्याची वैरीण. आरंभीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तापले की प्रवाह वाढे, प्रवाह वाढला की ते अधिकच तापत! सिलिकॉनचे त्याहून सोशिक. तरी त्यांच्या पाठीवरील धातूच्या पंखांना वारा लागलाच पाहिजे. त्यावर फुलांच्या टोपल्या ठेवणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत.

ध्यानात ठेवावे ते हे : ट्रान्झिस्टरच्या यंत्राला तारा चिकटणे घातक, तर व्हॉल्व्हच्या यंत्राला कर्णा न जोडता चालविणे घातक, त्याने आतील ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. दोन्हींतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने सुकतात आणि कर्ण्यातून घुंऽऽ असा आवाज येऊ लागतो. व्हॉल्व्हच्या यंत्रात तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो व बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये उरतो. म्हणून मुलांनी झाकण मुळीच उघडू नये. ते काम कारागिराचे.

आमची दोन्ही यंत्रे आता शाळेत आहेत. उत्सवापूर्वी तारा तपासण्याचे काम दहावीच्या मुलांकडे असते.