गोलरक्षकाची कारकीर्द : ब्रह्मानंद शंखवाळकर

हिमायतनगरच्या परिसरात मैदान म्हटले की कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल हेच खेळ डोळ्यांपुढे येतात. फुटबॉल आमच्याकडे उशिरा आला. वसतिगृहाच्या मैदानावर सायंकाळी गडी वाटून घेतले जातात, तेव्हा जो नवखा आहे, अंगाने किरकोळ आहे, ज्याला दोन्हींपैकी कोणताही संघ मागत नाही, त्याला गोलात उभे केले जाते. ही जागा म्हणजे शिक्षा, अशीच मुलांची समजूत झालेली आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एका थोर गोलरक्षकाच्या कारकिर्दीचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. गोलच्या दोन खांबांत 7.32 मीटर अंतर असते आणि आडवी दांडी जमिनीपासून 2.44 मीटर उंच असते. म्हणजे जवळजवळ 18 चौरस मीटरचे दार एका माणसाने राखायचे. पेनल्टीचा चेंडू 11 मीटरवरून येतो. ताशी 100 किलोमीटर वेगाने तो मारला, तर गोलरक्षकाच्या हाती अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ उरतो. चेंडू हाताळण्याचा त्याचा अधिकार नियमांत 1871 साली आला. 1912 पर्यंत तो आपल्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाती धरू शकत असे; त्यानंतर हा अधिकार पेनल्टी क्षेत्रापुरता उरला. 1992 पासून तर सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू हाताने उचलण्यासही मनाई झाली. हाताच्या कौशल्यावर घडलेल्या एका पिढीला तेव्हा उतारवयात पायाचे कौशल्य शिकावे लागले.

ब्रह्मानंद शंखवाळकर याच पिढीतले. त्यांचा जन्म 1954 सालचा, म्हणजे पोर्तुगीज अमलातील गोव्यातला. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. गोव्यात फुटबॉल गावोगावी रुजलेला होता. मुक्तीनंतर त्याला पोटापाण्याचा आधार मिळाला तो प्रामुख्याने खाणउद्योगातून. साळगावकर, धेंपो, सेसा गोवा या उद्योगसमूहांनी आपापले संघ उभे केले. आज ज्याला आपण व्यावसायिक फुटबॉल म्हणतो, तो भारतात तेव्हा नोकरीच्या रूपानेच होता. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी लष्करात, तर कोणी खाणमालकाच्या कंपनीत. क्लबांची राष्ट्रीय लीग 1996 साली सुरू झाली, तोवर शंखवाळकरांच्या खेळाचा बहर ओसरला होता. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग वास्को येथील साळगावकर संघात गेला.

गोलरक्षकाच्या कर्तृत्वाची मोजदाद कशी करायची, हा इतिहासाच्या अभ्यासकाला पडणारा मोठा रोचक प्रश्न आहे. गोल करणाऱ्याचे नाव धावफलकावर लागते. अडवलेल्या गोलाची नोंद कोठेच राहत नाही. 1982-83 च्या संतोष करंडकाचेच पाहा. गोवा आणि बंगाल यांच्यातील अंतिम लढत गोलशून्य राहिली आणि जेतेपद विभागून दिले गेले. बंगालसारख्या बलाढ्य संघाला रोखणे हाच त्या दिवशी गोव्याचा विजय होता. पुढच्याच वर्षी गोव्याने पंजाबला 1-0 असे नमवून करंडक एकट्याने जिंकला. या स्पर्धेत शंखवाळकरांनी सलग 576 मिनिटे गोल होऊ दिला नाही. सहा सामने पुरे होऊन सातवाही रंगात यावा, एवढा हा काळ आहे!

संघात गोलरक्षकाची जागा एकच असते, हेही ध्यानी घ्यावे. आघाडीचा खेळाडू कमी पडला तर त्याला बगलेवर खेळवता येते. दुसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक मात्र बाकावर बसून राहतो, कधी कधी वर्षानुवर्षे. शंखवाळकरांच्या काळात बंगालचे भास्कर गांगुली व अतनु भट्टाचार्य हेही त्याच एका जागेचे दावेदार होते. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये गांगुली भारताचे कर्णधार होते. अशा चढाओढीतून शंखवाळकर पुढे आले आणि 1983 ते 1986 या काळात देशाच्या संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे राहिले.

या जागेवरची एक चूक किती महाग पडते, याचे उदाहरण ब्राझीलमध्ये सापडते. योगायोग असा की, तो गोलरक्षक ज्या क्लबाकडून खेळे त्याचेही नाव वास्को द गामा. मोआसिर बार्बोसा हे कृष्णवर्णीय होते आणि आपल्या काळातील श्रेष्ठ गोलरक्षकांत त्यांची गणना होई. 16 जुलै 1950 रोजी विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेच्या घिज्जियाने 79 व्या मिनिटाला जवळच्या खांबालगत चेंडू आत सारला. पराभव अकरा जणांचा होता. दोष मात्र बार्बोसा यांच्या माथी आला आणि 2000 साली मृत्यू येईपर्यंत तो सुटला नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की, कृष्णवर्णीय गोलरक्षकावर भरवसा ठेवू नये असा पूर्वग्रह तेथे पुढे कित्येक दशके टिकला. एकाच्या चुकीचे खापर साऱ्या समाजावर फोडण्याची ही रीत आमच्या वाचकांना मुळीच अपरिचित नाही.

शंखवाळकरांच्या वाट्याला असा दोष आला नाही. त्यांना वाट पाहावी लागली ती सन्मानाची. अर्जुन पुरस्कार 1997 मध्ये मिळाला, कर्णधारपद सोडून दशक उलटल्यावर. पद्मश्री मिळाली 2022 मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.

गोलरक्षक उशिरा पिकतो आणि दीर्घकाळ टिकतो. इटलीच्या डिनो झॉफ यांनी 1982 चा विश्वचषक कर्णधार म्हणून उंचावला तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. धाव मंदावली तरी चेंडूचा अंदाज, उभे राहण्याची जागा आणि बचावफळीला हाक देण्याचा अधिकार वयाबरोबर वाढत जातो. यासाठी निवड मात्र लवकर आणि डोळसपणे व्हावी लागते. लांब हात, उडीचा झोत, पडण्याची भीती नसणे आणि गोल खाल्ल्यावर पुढच्या क्षणी पुन्हा उभे राहणे, हे गुण पारखून घ्यावे लागतात. आमच्या शाळेच्या संघासाठी या सत्रापासून गोलरक्षकाची निवड चाचणी घेऊनच करण्याचे आम्ही क्रीडाशिक्षकांना सुचविले आहे, आणि हातमोज्यांची पहिली जोडी त्याच चाचणीसाठी मागविली आहे.