लोहाऱ्याचे लोखंड, वरोऱ्याचा कोळसा

वर्धा जिल्ह्यात बहुतेक कुठेही विहीर खणली, तरी आधी काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा कातळ लागतो. हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याची गिट्टी होते, झिजून कापसाची माती होते. धातूची खाण मात्र त्यात नाही. त्यासाठी पूर्वेला गडचिरोलीकडे जावे लागते. तिथे खडकांचे वय जवळपास चाळीस पटींनी वाढते.

अशा जुन्या खडकांतला ग्रीनस्टोन हाही मुळात बेसाल्टच. अब्जावधी वर्षांपूर्वी दाब आणि उष्णता सोसून त्यात क्लोराइट, एपिडोट अशी हिरवी खनिजे तयार झाली. भेगांतून फिरणाऱ्या उष्ण पाण्याने विखुरलेले धातू एका जागी आणून ठेवले. कर्नाटकातील कोलार आणि हुट्टीचे सोने अशाच पट्ट्यांतले. या पट्ट्यांच्या सोबतीला हमखास आढळते ती पट्टेरी लोहशिला. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले लोह ऑक्सिजनशी संयोग पावून थराथराने तळाशी बसले, त्यातून ती घडली. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर याच कुळातला. त्याचा तुकडा हातात घेतला की आकाराच्या मानाने वजन चकित करते. लालसर गारगोटीच्या थरांमध्ये पोलादी चमकेचे हेमॅटाइटचे थर दिसतात, आणि खडबडीत फरशीवर घासले तर विटकरी रेघ उमटते.

 

या खडकांच्या जडणघडणीपेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते ती लोहाऱ्याच्या लोखंडाची हकिकत. १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा, असे त्यात होते. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल सुरू होऊन पाच वर्षे झाली होती. वरोऱ्याचा कोळसा आणण्यासाठी वर्ध्याहून रेल्वेही टाकलेली होती. जमशेटजींनी कोळसा जर्मनीत तपासून घेतला, तो पोलादाच्या भट्टीला चालेना. त्यातच सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटी जाचक, म्हणून बेत सोडावा लागला. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी टाटांना नागपूरच्या संग्रहालयात दुर्ग भागातले लोहखनिज दाखवणारा भूस्तर नकाशा दिसला, भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजचे खनिज दाखवून दिले आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. टाटांच्या पोलादाचा पहिला बेत विदर्भात आखला गेला होता, हे आपल्या शाळांत शिकवायला हवे.

इकडे सुरजागडचा खाणपट्टा दिला गेला तो २००७ मध्ये. आता तिथले खनिज घुग्घुसला जाते, चामोर्शी तालुक्यातील कोनसरीलाही कारखाना उभा राहिला आहे. त्याच डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे आणि जानेवारीत तिथे यात्रा भरते. खाणीचा लाल गाळ धानाच्या बांध्यांत येतो, ही पायथ्याच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. खनिजाच्या प्रतीइतकीच कसून त्या बांध्यांतल्या मातीचीही दर पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी आणि तिचे आकडे ग्रामसभेत मराठीत आणि माडियात वाचून दाखवावेत.